दंड आमचा, लसही आमची

'खेड्यातली माणसं अडाणी, म्हणून ती सुईला भितात.'

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. साहेबाच्या तोंडून ऐकलं, टीव्हीवर ऐकलं, लोकलच्या डब्यात समोर बसलेल्या पांढरपेशाच्या तोंडून ऐकलं. त्यांची जीभ पिढ्यान्‌पिढ्या तशीच वळलेली. पण आता हे वाक्य आपल्याच पोरांच्या तोंडून बाहेर पडतंय. बाप गाव सोडून येतो, मुलुंडच्या डोंगराला टेकून झोपडी बांधतो, पोरगं कॉलेजात जातं, भाषण ठोकायला शिकतं, आणि गावाकडं राहिलेली चुलती त्याला अडाणी दिसायला लागते.

दुसरीकडं दुसरा पंथ निघालाय. हे जास्त जहाल. ते म्हणतात, ज्या सरकारनं वस्तीला पाण्याचा नळ दिला नाय, ते फुकट औषध कशाला देईल? यात काहीतरी काळंबेरं आहे. सुई घेऊच नका. या वाक्याला टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारे घरी जातात. गोवर मात्र वस्तीतच राहतो.

दोस्तांनो, मला या दोघांशीही भांडायचंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लस ही चवदार तळ्याच्या पाण्यासारखी आपल्या हक्काची वस्तू आहे. ती घ्यायची, पोराबाळांना द्यायची, गावागावात द्यायला लावायची. आणि ज्या रीतीनं ती दिली जाते त्या रीतीशी भांडायचं. दोन्ही कामं एकाच वेळी करायची. यातलं एक सोडलं तर जे पोर मरेल ते आपलं असेल.

आता इतिहास काढतो. शाळा माझी नववीत सुटली. पुढचं जे काय आहे ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकड्यावर बसून मिळवलेलं आहे. पण हे आपल्याला कुणी शाळेतही शिकवलं नसतं.

14 जून 1802. या मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या पोरीला देवीची लस टोचली. हिंदुस्थानातलं हे पहिलं लसीकरण. तेव्हा फ्रीज नव्हता, बर्फाच्या पेट्या नव्हत्या. लस एका माणसाच्या अंगातून दुसऱ्या माणसाच्या अंगात जायची. एकाच्या दंडावर टोचायचं, आठवड्याभरानं फोड भरला की त्यातला द्रव काढायचा, तो दुसऱ्याच्या दंडात भरायचा. ॲनाच्या दंडातून आणखी पाच पोरांना लस दिली, आणि तिथून ती अशीच दंडावरून दंडावर चालत पुण्याला, हैदराबादला, मद्रासला पोचली.

मग या लसीची वाहतूक करायला पोरं कुणाची घेतली? ज्यांचे आईबाप नाय म्हणू शकत नव्हते त्यांची. गरिबांची, खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींची. पुढं कित्येक वर्षं हीच पद्धत चालली, आणि वरच्या जातीतले लोक नाकं मुरडत होते. अस्पृश्याच्या अंगातला द्रव आमच्या अंगात घ्यायचा? बाटायचं? इंग्रजांच्या दप्तरात या तक्रारी नोंदलेल्या आहेत. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वासराच्या अंगावर लस वाढवायची पद्धत आली, तेव्हा कुठं हा प्रकार थांबत गेला.

नीट बघा हे. आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं. आमची सावली चालत नव्हती. पण जीव वाचवणारं औषध अंगावर वाढवायला आमच्या पोरांचे दंड चालत होते. दंड आम्ही दिला, आणि जातीचा दंडही आम्हीच भरला. आणि आज आम्हालाच सांगता की लस म्हणजे काय ते तुम्हाला कळत नाय? अरे, ती आमच्या कातडीतून वाहत आली आहे.

त्या रोगाचं मराठीतलं नावच 'देवी'. रोग म्हणजे देवीचा कोप. पटकी आली तर मरीआई. मरीआईचं ठाणं आमच्या वस्तीच्या कडेला, गाडा ओढायला आमची माणसं, अंगावर आसूड मारून घ्यायला पोतराज. रोग गावाचा आणि प्रायश्चित्त वेशीबाहेरच्याचं. 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि आपल्या माणसांनी घराघरातले देव बाहेर काढले. ज्यानं मरीआई सोडली त्यानं तिच्या जागी काय धरायचं? बुद्धी धरायची. 1970 च्या दशकात खेडोपाडी भिंतींवर रंगवलेलं होतं, देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. 1977 साली भारत देवीमुक्त जाहीर झाला, 1980 साली सगळं जग. कुठल्याही नवसानं हे झालं नाय. आज्याच्या, आजीच्या दंडावर रुपयाएवढा वण असेल, तो बघा. देवी हरली त्याची ती पावती आहे.

अजून एक पान उलटू. 1897 चा पुण्याचा प्लेग. शाळेच्या पुस्तकात आपल्याला काय वाचायला मिळतं? रँडचे सोल्जर घरात घुसले, स्वयंपाकघर बाटलं, 22 जूनला चाफेकरांनी गोळी घातली. सोल्जरांनी जुलूम केला हे खरंच आहे. पण त्याच प्लेगात सावित्रीबाई काय करत होत्या? त्यांच्या यशवंतानं, तो डॉक्टर होता, हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं पोरगं गाठ येऊन तापानं फणफणलं होतं. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग लागला आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

त्या साथीत माणसं दवाखान्याचं नाव काढलं की पळत होती. घरात गाठ आली तर लपवत होती. सावित्रीबाईंनी महारवाड्याबाहेर उभं राहून 'अडाणी लोक' असं भाषण केलं नाय. त्या आत गेल्या आणि पोराला पाठीवर घेऊन बाहेर आल्या. आरोग्याचं काम करणाऱ्या आपल्या पोरापोरींनी याहून वेगळा गुरू शोधायची गरज नाय.

त्याच वर्षी मुंबईत हाफकिननं प्लेगची लस तयार केली. 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर चाचणी झाली भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर. ते राजीखुशीनं पुढं आले असं लिहिलंय. बेडीतल्या माणसाची राजीखुशी किती असते ते ज्याचं त्यानं ठरवावं. 1899 साली ती प्रयोगशाळा परळला आली, गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात. म्हणजे गिरणगावातल्या चाळींतून प्लेगानं प्रेतं निघाली आणि त्यावरचं औषधही गिरणगावातच बनलं. या वस्तूत आमचा वाटा नाय असं कुणी म्हणू नये.

इतकं असताना माणसं बिचकतात कशाला? आता त्याकडं येऊ. आणि लांबचं नको, 2021 चंच बघू. सगळ्यांना आठवतंय.

1 मे 2021 पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसांना लस खुली झाली. पण कशी? आधी मोबाईलवर कोविन उघडा, ओटीपी मागा, नंबर लावा. सुरुवातीला ते सगळं इंग्रजीत. मराठी आली जूनमध्ये. मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याच्या जागेवर जंबो केंद्र उभं होतं, लस तिथं मिळत होती. पण ज्याच्या हातात साधा फोन त्याच्यासाठी ते केंद्र दिल्लीइतकंच लांब. आणि मोठ्या फोनवाल्यांनी काय केलं? शहरात नंबर मिळेना तेव्हा पालघर-ठाण्याच्या ग्रामीण भागातल्या केंद्रांवर नंबर लावले आणि मोटारी काढून तिकडं गेले. पाड्यातला माणूस बाजूला उभा राहून बघतोय आणि त्याच्या वाट्याची लस घेऊन मोटार परत चालली आहे. तो बघणारा माणूस मग वर्तमानपत्रात 'लसीला घाबरणारा आदिवासी' म्हणून छापून आला.

हे मी एकटा बोलत नाय. 31 मे 2021 ला सुप्रीम कोर्टानं हेच विचारलं, की ज्याच्याकडं इंटरनेट नाय त्यानं काय करायचं? अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांसाठीचं धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक आहे, असं कोर्टानं लिहिलं. 7 जूनला पंतप्रधानांनी फुकट लस जाहीर केली, 21 जूनपासून ती सुरू झाली. तरी पाव हिस्सा खाजगी दवाखान्यांनाच राहिला. तिथं कोविशिल्ड 780 रुपये, कोव्हॅक्सिन 1410. हजेरीवरच्या माणसाचे किती रोज होतात ते मोजा.

तेव्हा मी नुकताच गिरणीत लागलो होतो, ठेकेदाराच्या हजेरीवर. 15 ऑगस्ट 2021 ला लोकल खुली झाली, पण दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यालाच. मी कागदावर हिशेब मांडला. तुम्हीही मांडा. 21 जूनला कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. दुसरा चौऱ्याऐंशी दिवसांनी, म्हणजे 13 सप्टेंबर. वर चौदा दिवस, 27 सप्टेंबर. म्हणजे ज्या दिवशी फुकट लस हातात आली त्याच दिवशी रांगेत उभा राहिलेला तरणा कामगारसुद्धा 15 ऑगस्टला गाडीत चढूच शकत नव्हता. नियम करणाऱ्याला वजाबाकी येत नव्हती की त्याच्या डोळ्यासमोर हा कामगारच नव्हता?

खेड्यात याहून वाईट. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हुकूम निघाला, एक तरी डोस दाखवा नायतर रेशन नाय, गॅस नाय, पेट्रोल नाय. पेट्रोल अडवलं तर मोटारवाला चार शिव्या देतो. रेशन अडवलं तर चूल विझते. भाकरीवर हात ठेवून सुई पुढं करायची, आणि मग लोकांचा सुईवर विश्वास बसावा असं म्हणायचं? 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कुणाच्याही शरीरावर लसीची सक्ती करता येत नाय. हे वाक्य पाठ करून ठेवा, कामाला येतं.

अजून दाखले देतो, कारण खोटं आश्वासन देऊन मला कुणाला तयार करायचं नाय. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा पोरांना पोलिओचे थेंब म्हणून हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं. पोरं वाचली. पण त्या गावातली आई पुढच्या वेळी बाटलीकडं दोनदा बघेल की नाय? तिला अडाणी म्हणणार? 2009-10 साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोद्याला हजारो गरीब मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस दिली. त्यात आदिवासी आश्रमशाळांतल्या मुली होत्या, आणि आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या ठोकल्या होत्या. सात मुली दगावल्या. चौकशीनं सांगितलं की मृत्यूचं कारण बहुधा लस नव्हतं. लस म्हणून ती चांगलीच आहे, जगभर बायकांचे जीव वाचवतेय. पण 2013 साली संसदेच्या समितीनं या प्रकाराची सालटी काढली ती रीतीबद्दल. ज्याचं अंग त्यालाच विचारलं नाय.

आणि शिकलेल्यांचं शहाणपण म्हणाल, तर त्याच 2021 मध्ये कांदिवलीच्या एका उंच सोसायटीत भामट्यांनी बनावट लसीकरण शिबिर भरवलं. पैसे घेऊन टोचलं. अशा बनावट शिबिरांत मुंबईत दोन हजारांवर माणसं फसली. सगळी वाचता-लिहिता येणारी. त्यांना वर्तमानपत्रांनी 'फसवले गेलेले नागरिक' म्हटलं. अडाणी म्हटलं नाय.

म्हणजे मी जहाल पंथाच्या बाजूला गेलो का? नाय. आता त्यांचा नंबर.

एवढं सगळं खरं असूनही मी म्हणतो, सुई घ्या. कारण विचारता तर गोवंडीला जाऊन या. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथं एकाच घरातली तीन लेकरं दोन दिवसांत गेली आणि गोवराची साथ उघडकीला आली. पुढं भिवंडी, मालेगावपर्यंत पोचली. गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना देतो, एवढा तो पसरतो. त्याला अडवायचा तर शंभरातल्या पंच्याण्णव पोरांना टोचलेलं पाहिजे. लस दोनदा द्यायची, नवव्या महिन्याला आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधे. सरकारी केंद्रात फुकट. कोविडच्या दोन वर्षांत ही सत्रं चुकली. पोरं कुपोषित, खोली दहा बाय दहाची, साथीला आणखी काय लागतं?

गोवंडी खेड्यात मोडत नाय, हे मला ठाऊक आहे. पण गोवंडी, भिवंडी, आमच्या मुलुंड चेकनाक्याची मजूर-अड्ड्याची गर्दी, ही सगळी खेड्याचीच दुसरी टोकं आहेत. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर निघतो तो उन्हाळ्यात परततो. रायगड-पालघरचा कातकरी पावसाळा संपला की वीटभट्टीवर. बाई पोटुशी असताना निघते, फडातच बाळंत होते. आता मोजा. पोराचा सहावा आठवडा, दहावा, चौदावा, नववा महिना. सरकारची तारीख पडते गावातल्या अंगणवाडीत, आणि पोर असतं कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपीत. कार्ड गावाकडं पत्र्याच्या पेटीत. गावातली आशाताई लिहिते, 'स्थलांतरित'. तळावरची नर्स म्हणते, 'आमच्या यादीत नाय.' त्या पोराच्या आईबापांनी लसीला नाय म्हटलेलं नसतं. त्यांना विचारायलाच कुणी आलेलं नसतं.

आणि कट म्हणणाऱ्यांना एकच सवाल. ज्यांच्यावर तुम्ही कटाचा आरोप करता त्या मोठ्या घरातल्या एकातरी पोराची लस चुकलेली दाखवा. त्यांची पोरं सरकारी यादीतल्या लसी तर घेतातच, वर हजारो रुपये मोजून खाजगीत आणखी घेतात. कट करणारा आपल्याच पोराला आधी विष पाजतो का? मे 2021 मध्ये ज्या सुईसाठी शहराच्या मोटारी खेड्यात धावल्या, ती सुई आपण कटाच्या संशयानं सोडून द्यायची? महाडला 1927 च्या 20 मार्चला बाबासाहेबांनी ओंजळ उचलली तेव्हा पाण्यात विष आहे का अशी शंका काढून माणसं मागं फिरली नव्हती. पाण्यावरचा पहारा वाईट होता, पाणी वाईट नव्हतं. नंतर त्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं, तरीही आपण पाण्यावरचा दावा सोडला नाय.

आता आपलं खरं दुखणं सांगतो. आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना हे काम हलकं वाटतं. मोर्चा, पुतळा, नामांतर, कविसंमेलन हे चळवळीचं काम, आणि पोराला थेंब पाजायला नेणं हे बायकांचं काम. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहून बोलले. ते काम त्यांना हलकं वाटलं नाय. राज्यघटनेत 47 वं कलम आहे, सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य म्हणून. ते मागायला कुणी जायचं? आपण घटनेची पूजा करणार आणि त्या कलमाची वसुली दुसरं कुणी करणार का?

गावातलं चित्र कसं असतं ते मी माझ्याच आत्याच्या गावात बघितलंय. लसीकरणाचं टेबल मांडलं होतं मारुतीच्या पारावर. वरच्या आळीतल्या बायका पारावर सावलीत, आमच्या बायका खाली उन्हात. नंबर लागला की हाक यायची, तीही आडनावानं नाय, वस्तीच्या नावानं. आत्या अर्ध्या तासात माघारी आली. मी विचारलं तर म्हणाली, "सुईचं भ्या नाय रे बाबा. पण ताप आला तर दोन रोज बुडतील. तू देणार का?" यात अडाणीपणा कुठाय? हा हिशेब आहे, आणि तो चोख आहे. पगारी रजा असलेल्या माणसाला तापाची किंमत कळत नाय. शेतमजूर बाईला ती आण्यापैशात कळते. चार दिवसांनी वस्तीतल्या एका पोरीनं, ती बारावीला होती, सरपंचाला गाठून टेबल समाजमंदिरात आणायला लावलं आणि दिवस ठरवला बाजाराच्या आदला, जेव्हा कामाला तसाही खाडा असतो. आत्यानं घेतली. तिच्या मागनं अख्खी ओळ आली.

जिथं काम झालं तिथं असंच झालंय. मेळघाटात लोक ऐकेनात तेव्हा कोरकू भाषेत चित्रफिती काढल्या, कारण कोरकू आईला पुण्याची मराठी म्हणजे साहेबाची धमकी वाटते. नंदुरबारला नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर रस्ता नाय, तिथं पथकं होडीतून गेली. आणि पायपीट करणाऱ्या आशाताई कोण आहेत? आपल्याच घरातल्या बाया. त्यांना पगार नाय, मोबदला आहे. 15 जून 2021 ला, ऐन साथीत, महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या तेव्हा कुठं हजार-दीड हजाराची वाढ मिळाली. लसीकरणाच्या यशाचे फोटो मंत्र्यांचे, टाचा फुटलेल्या आशाताईच्या. त्यांच्या लढ्याला पाठिंबा देणं हे लसीकरणाचंच काम आहे.

तर काम सांगतो. आपापल्या गावी जाल तेव्हा, आणि इथं मुलुंडच्या पाड्यांत, नाक्यांवरही.

पहिलं, यादी करा. वस्तीतल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक पोराचं नाव, जन्मतारीख, कुठली सुई झाली, कुठली राहिली. लसीच्या कार्डाचा फोटो आईच्या नायतर शेजारच्या पोराच्या मोबाईलमध्ये ठेवा. कार्ड हरवलं म्हणून कुणी परत पाठवलं तर भांडा. चुकलेला डोस उशिरा का होईना देता येतो, गोवर-रुबेलाचा पाच वर्षांपर्यंत.

दुसरं, टोळी गाव सोडायच्या आधी उपकेंद्रावर सत्र मागा. आणि टोळी जिथं पोचते त्या तळावर, भट्टीवर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा. तोंडी सांगू नका. अर्जाची पोच घ्या. अर्ज लिहिता येतो याचा आपल्याला एवढा अभिमान आहे ना, तो इथं वापरा.

तिसरं, टेबल कुठं मांडलंय ते बघा. देवळाच्या पारावर असेल तर हलवायला लावा. सत्राचा दिवस मजुरीचा नसावा. हाक नावानं मारावी.

चौथं, खरं सांगा. टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, दंड नायतर मांडी दुखते, हे आधी सांगा. अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवा. पोराला झटका आला, अंगावर गांधी उठल्या, ताप उतरेचना, तर कुठं न्यायचं, कुणाला फोन करायचा ते भिंतीवर लिहून ठेवा. लोकांना ताप येतो याचा राग नसतो. ताप येणार हे लपवलं याचा असतो.

पाचवं, सक्ती दिसली की आडवे या. रेशन, दाखला, मजुरी अडवून सुई द्यायचा प्रयत्न झाला तर लगेच तहसीलदाराकडं जा. सक्तीनं टोचलेला एक माणूस दहा जणांना पळवून लावतो.

सहावं, पाजायला, टोचायला पोर न्यायचं काम बापांनीही करावं. भाषणात समता आणि घरी खाडा फक्त बाईचा, हे चालणार नाय.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण रोज म्हणतो. शिकायला आधी पोर पाच वर्षांचं व्हावं लागतं.

शेवटी एक. पुढच्या अंकासाठी तुम्ही कविता पाठवणार, मला माहीत आहे. जरूर पाठवा. पण सोबत आपल्या वस्तीची ती यादीही करून ठेवा. किती पोरं, कितीजणांची कुठली लस राहिली, कुठल्या केंद्राला अर्ज दिला, उत्तर काय आलं. कविता छापायची की नाय ते संपादक ठरवतील. यादी मात्र आशाताईकडं द्यायची आणि शेवटच्या पोराचं नाव खोडलं जाईपर्यंत तिच्या मागं लागायचं.

जयभीम.